बाकीची पोरं कुठायत?

सोसायटीच्या गेटवर क्लासवाल्यांनी टॉपरचा फलक लावला, की आमचे शेजारी गायकवाडकाका तो उतरवतात, नीट घडी घालतात, वर मार्करने ‘पाठवणाऱ्यास परत’ लिहितात आणि रिक्षा करून क्लासमध्ये नेऊन देतात. आयुष्य पोस्टात काढलेला माणूस. भाईंदर पूर्वेच्या त्या क्लासच्या काउंटरवर ते ओरडतात, “ये छह फोटो लगाया. बाकी के बच्चे किधर है?” तिथली मुलगी आता काका दिसले की आधी पाण्याचा ग्लास पुढे करते. काका पाणी पितात आणि मग ओरडतात.

मागे शहांच्या मुलाचा निकाल लागला. त्यांचा पेढा तोंडात टाकून काका म्हणाले, “अभिनंदन. बाकीची पोरं कुठायत?” शहांनी दार लावून घेतलं.

यंदा त्या बाकीच्या पोरांत माझी श्वेता होती. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेत मार्क कमी पडले. मी ठरवून टाकलं, तिनं वर्षभर घरी बसायचं आणि परत परीक्षा द्यायची. रिपीटर बॅचला तिचं नाव घालायला निघालो, तर काका जिन्यात आडवे आले.

“पोरीला विचारलंस?”

“तिचं भलं कळतं मला.”

“तुला डोंबल कळतंय!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझ्या घरात नाक खुपसू नका,” मी म्हणालो. तोवर ते माझ्या घरात पोचलेही होते.

“श्वेता, बसायचंय का तुला परत? बापाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.”

पोरगी म्हणाली, “बसायचंय. पण क्लास नको. आणि एकदाच.”

काकांना बहुधा ‘नाही’ अपेक्षित होतं. ते आणखीच भडकले. “मग फॉर्म तू भर. ई-मेल तुझा टाक. बापाचा टाकलास तर याद राख!”

मी त्यांना जिन्यात गाठलं. माझा राग अजून उतरला नव्हता. “हे ई-मेलचं काय मध्येच?”

काकांनी कठडा धरला. “प्रशांतचा दुसऱ्या वेळचा फॉर्म मी भरला होता. त्याला न विचारता. ई-मेल माझा टाकला. उत्तरपत्रिकेचा फोटो येतो ना, तो माझ्याकडे आला.” त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. “उत्तराचा एकही गोल भरला नव्हता रे. तीन तास नुसता बसून आला पोरगा. सही मात्र छान केली होती.”

प्रशांत, त्यांचा मुलगा, आता काशीमीऱ्याला गोदामात सुपरवायझर आहे. दर रविवारी बापासाठी मटण घेऊन येतो.

“त्याला माहितेय, तुम्ही बघितलंत ते?”

“नाही.”

मला स्वतःचीच चीड आली.

“परीक्षेहून आला तेव्हा विचारलं, पेपर कसा गेला,” काका म्हणाले. “‘बरा गेला, बाबा,’ म्हणाला. मी पाठ थोपटली त्याची.”