सोलो शहरी केळ्याच्या भज्यांचा मोर्चा मोडिला, ती हकीकत

हकीकत ऐसीजे. जावा मुलखी सोलो शहर, तेथील रयत बहुत अदबीची. कोणी पुढे केला घास "नको" म्हणोन परतविणे म्हणजे घरधन्याचे तोंडात मारणे, ऐसा दस्तूर पूर्वापार. त्या शहरी निवृत्त पोस्टमास्तर सुमार्जोसाहेब नांदत असता त्यांचे काळजाचे किल्ल्यास रक्तदाब नामे गनिमाने वेढा दिल्हा, आणि चार पायऱ्या चढता छाती भरोन येऊ लागली. मग डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढिले, की गोळी चुकवू नये, नित्य चालावे, मीठ आवरावे, लवंगी सिगारेट हद्दपार करावी, तळणास शिवू नये. कुटुंब रुमिनाहबाई यांनी तेच दिवशी सिगारेटींचे ठाणे लुटिले, मिठाची बरणी फडताळाचे माथी कैदेत टाकिली, आणि भल्या पहाटे नवऱ्यास पुढे घालोन मोहिमेस निघाल्या.

चौकात मोहल्ल्याची कवायत चाले. कर्ण्याचे तालावर थोर माणसे काळीज मजबूत व्हावे म्हणोन हातपाय झाडीत, आणि कवायत सरताच कुल फौज समोरच्या टपरीवर भज्यांवर तुटोन पडे. आहे की नाही अक्कल! टपरीच्या धनीण पाइकेमबाई, दिलाच्या उदार, साहेबांस पाहताच केळ्याचे गरम भजे हाती देत आणि, तेथे वडीलधाऱ्यास "पाक" म्हणतात तैसे, म्हणत, "घ्या हो पाक सुमार्जो, हाडं दिसायला लागलीत तुमची!" साहेब पेचात पडले. नाही म्हणावे तर जीभ रेटेना, खावे तर जिवावर बेतते. मग रुमिनाहबाईंनी मसलत केली, की अदब राहावी आणि नवराही राहावा, आणि ते भजे आपणच मटकाविले. पुढे हाच शिरस्ता पडला.

ऐसे कैक महिने लोटले, मग तपासणी जाहली. साहेबांचा रक्तदाब उतरला, शाबासकी मिळाली. सहज म्हणोन रुमिनाहबाईंचे दंडास पट्टा बांधिला, तो काटा चढला तो चढलाच. आपला किल्ला राखिता गनीम हिचे किल्ल्यात शिरला आणि दरवाजा आपणच उघडोन दिल्हा, हे उमजोन साहेबांस रडू आवरेना. बाई मात्र म्हणतात, "रडताय काय? फुकटची भजी खाल्ली मी, मजेत होते."

दुसरे दिवशी भजे पुढे आले. बाईंनी सवयीने हात लांबविला, तों साहेब आडवे जाहले, आणि जन्मात केले नव्हते ते चारचौघांत केले. बोलिले, "नको. मला नको, हिलाही नको. मला ही हवी आहे अजून."

पाइकेमबाईंचा झारा कढईवर तसाच राहिला. आधी त्या लाल जाहल्या, मग डोळे पुसोन गरजल्या, "अहो, मग आधी बोलायला काय झालं होतं? मला वाटलं, आवडतात म्हणून घेताय!" आणि दुसरे दिवसापासोन त्या उभयतांपुरती केळी वाफवोन ठेवू लागल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. सांप्रत उभयतां टपरीवरोन जाताना हात धरोन चालतात, हीही त्या शहरी बेअदबीच. भज्यांचा वास येताच दोघांचे पाय अडखळतात, मग जो सावरला तो दुसऱ्यास ओढितो. एका "नको"ने दोन किल्ले राहिले, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन नमूद केले असे.