नव्या मशीनचा सत्कार

नवा कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर यायच्या आधीच त्याची रॅम किती, हे अर्ध्या विचुंबे गावाला पाठ झालं होतं. कारण गेले आठ दिवस सुदाम दुसरं काही बोलतच नव्हता. चहाच्या टपरीवरसुद्धा तो प्रोसेसरच्या गोष्टी सांगायचा. आणि का सांगू नयेत? 'सुदाम ग्राफिक्स'ची पाटी लागल्यापासून गावातली एकही हळद, एकही वाढदिवस त्याच्या बॅनरवाचून झाला नव्हता. माणसाला अभिमान वाटायला जागा होती.

दुकानात दोन टेबलं होती. रस्त्याकडच्या टेबलावर सुदाम आणि आता त्याचं काचेतून निळे दिवे फेकणारं नवं मशीन. आतल्या टेबलावर त्याची बायको माधुरी आणि अकरा वर्षांचं जुनं मशीन. जुन्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण कधीच हरवलं होतं आणि त्याच्या उघड्या पोटावर टेबलफॅन अखंड वारा घालत असे. लग्न होऊन आल्यावर माधुरी सगळं काम शिकली ती याच मशीनवर.

"ह्ये आता भंगारात," सुदाम म्हणाला.

माधुरीने माऊसवरचा हात काढला नाही. "का? चालतंय ना?"

"अगं, चालतंय आनि धावतंय, यात फरक हाय का नाय?"

"मग धावतंय का ते बगू तरी. नाय धावला तर माझ्या मशीनला हात लावायचा नाय."

हे सगळं काळूरामकाका खुर्चीत बसून ऐकत होते. काका गावातलं बडं प्रस्थ. त्यांच्या मुलाची, निकेशची, हळद परवावर आली होती आणि तिच्या बॅनरसाठी ते एकशे सोळा माणसांचे फोटो घेऊन आले होते. काकांना दोनच गोष्टींची आवड, एक शर्यत आणि दुसरा सत्कार.

"लावा शर्यत!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "दोघांनी माझाच बॅनर बनवायचा. जिकल त्याचा बॅनर मांडवात लागल, हारल तो भंगारात. मी टाइम लावतो."

सुदामने छाती फुगवून होकार दिला. पण शर्यत सुरू व्हायच्या आधी काका उठून बाहेर गेले आणि स्कूटरच्या डिकीतून शाल आणि नारळ घेऊन आले. कुणाचा कधी सत्कार करायची वेळ येईल सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या डिकीत हा ऐवज कायम असे. त्यांनी नव्या मशीनला कुंकू लावलं, शाल चारी बाजूंनी नीट लपेटली, वर नारळ ठेवला आणि दोघांचा, म्हणजे मशीनचा आणि स्वतःचा, फोटो काढून घेतला.

"हां, आता करा चालू," काकांनी मोबाइलवर वेळ लावली.

सुरुवातीला नव्या मशीनने कमाल केली. एकेका माणसाच्या मागचं घर, अंगण, मोटारसायकल असं सगळं पुसून चेहरा तेवढा चटकन मोकळा होत होता. सुदाम मान वळवून माधुरीकडे बघत होता, ती मात्र मान खाली घालून काम करत होती. पंचविसाव्या चेहऱ्याला मशीनचा पंखा घोंघावायला लागला. चाळिसाव्याला माऊसचा बाण अडखळू लागला. बावन्नावा चेहरा अर्धा कापून झाला आणि पडदा काळा पडला.

"लाइट गेली!" सुदाम ओरडला.

"माझी नाय गेली," आतून माधुरी म्हणाली.

बावन्नाव्या मिनिटाला तिचा बॅनर तयार झाला. सुदाम अजून बंद पडलेल्या मशीनचं बटणच दाबत होता. आठ दिवस ज्याचं कौतुक सांगितलं, त्या मशीनने भर दुकानात नाक कापलं होतं. त्याने शालीखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. मशीन तव्यासारखं तापलं होतं.

"काका, मे महिन्यात शाल पांघरून कोन धावल हो? त्याला वारा कुठनं लागनार?"

"अरे, पन सत्कार होता!" काका दुखावले.

सुदाम बायकोकडे वळला. "तुला दिसत नव्हता का?"

"दिसत होता की," माधुरी शांतपणे म्हणाली. "पन काकांनी घातलेली शाल मी सूनबाई कशी काढू?"

शाल निघाली. मशीन थंड होईपर्यंत चहा झाला आणि सुदाम एकटाच पुन्हा मैदानात उतरला. बावन्न मिनिटं मोडायची होती. या खेपेला मशीन खरंच वाऱ्यासारखं पळालं. एकशे सोळा चेहरे सहा मिनिटांत मोकळे! सुदामच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

मग चेहरे मांडायची वेळ आली. कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला खाली, कोणाचा फोटो मोठा, कोणाचा लहान?

"शिरढोनच्या मामांच्या बाजूला ह्यो कोन घेतलास?" काका खेकसले. "ओवे गावचा आतेभाव? दोघं सात वर्सं बोलत नाय. मांडवात मारामारी करशील!"

सुदामने आतेभावाला उचलून खाली नेलं. तिथे तो थोरल्या व्याह्यांच्या पायाशी गेला. व्याह्यांना सरकवलं तर निकेशच्या आजीचा फोटो झाकला. मशीन प्रत्येक बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत करत होतं आणि मग निमूटपणे सुदामची वाट बघत बसत होतं. बॅनर झाला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती.

"म्हंजे जुनाच बेस," काकांनी निकाल दिला. मग त्यांनाच काहीतरी खटकलं. मोबाइल खाली ठेवून ते म्हणाले, "नाय, थांब. ह्या शर्यतीत खोट हाय. आमी भाताची दोन वानं बगायचो, ती एकाच शेतात आनि एकाच हातानं लावायचो. हात बदलला तर बियान्याची पारख कशी व्हनार? माधुरी, तू बस नव्यावर. निकेशच्या लग्नाचा बॅनर बाकी हाय, तो कर. फोटो दुसरे हायेत, पन मानसा तेवढीच."

माधुरी जरा संकोचूनच नव्या मशीनसमोर बसली. मग तिचे हात चालू लागले. गावातली सगळी नाती, मानपान आणि भांडणं तिला तोंडपाठ होती. मामा वर डावीकडे गेले, आतेभाऊ वर उजवीकडे, दोघांचा मान सारखा आणि मध्ये चौदा माणसांचा बंदोबस्त. ती फोटो उचलायची आणि मशीन तिच्या हाताबरोबर पळायचं. सुदाम तिच्या खांद्यावरून बघत राहिला. अकरा वर्षं ही बाई आतल्या टेबलावर काय करत होती, ते त्याला आज दिसत होतं.

"सतरा मिनटं!" काका ओरडले.

"बगा!" सुदामने टाळी वाजवली. "मी म्हनत होतो! बावन्नची सतरा झाली. माझा मशीन जिकला!"

"जिकला," काका म्हणाले. "आनि जुन्यानंपन तुला हारवला. मग हारला कोन?"

काका सुदामकडे बघत होते. माधुरी सुदामकडे बघत होती.

"हारलेला भंगारात, असा ठरला होता," ती हळूच म्हणाली.

सुदाम खळखळून हसला. खुर्चीवर टाकलेली शाल त्याने उचलली, झटकली आणि माधुरीच्या खांद्यावर घातली. नारळ काकांनी दिला.

जुनं मशीन काही भंगारात गेलं नाही. ते आतल्या टेबलावर टेबलफॅनचा वारा खात असतं आणि सुदाम त्यावर फक्त चेहरे कापतो. मांडणीला हात लावायची त्याला परवानगी नाही. निकेशच्या हळदीत मामा आणि आतेभाऊ बॅनरखाली उभे राहून आपापला फोटो न्याहाळून गेले आणि तेव्हापासून दुकानात गर्दी वाढली आहे. पाटीवर आता 'सुदाम-माधुरी ग्राफिक्स' लिहिलं आहे.

"काय सुदामशेठ, नवीन मशीन आनल्यावर काम फास्ट झाला का?" एखादं गिऱ्हाईक विचारतं.

"झाला म्हंजे? तिप्पट!" सुदाम छाती फुगवून सांगतो. "त्याच्यावरनं मी उठलो ना!"