ओतीव हाय!

आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या हातात नाणं देऊ नये. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी पूजेतलं चांदीचं नाणं उचललं, खिशातलं भिंग लावलं आणि भटजींचे मंत्र चालू असतानाच जाहीर केलं, ‘ओतीव हाय.’ नाणं बायकोच्या माहेरून आलं होतं. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

अण्णांची हयात उद्यमनगरच्या फाउंड्रीत साचे भरण्यात गेली. शिवकाळातली तांब्याची शिवराई ठशानं ठोकलेली असते. ऑनलाइन विकतात ती बहुतेक ओतलेली, म्हणजे नकली. कडेला साच्याची शिवण, अंगावर हवेची बारीक भोकं. अण्णांना ती चष्म्याशिवाय दिसतात. गडमुडशिंगीचे एक पाहुणे मोबाईलवरून मागवलेली शिवराई मखमली डबीत घालून मोठ्या ऐटीत आले. अण्णांनी ती उलटीपालटी केली.

‘पावणं, डबी जपा,’ ते म्हणाले. ‘दोन्हींत तीच जुनी हाय.’

असा माणूस स्वतः कशाला फसेल? पण अण्णांकडे दर पंधरवड्याला पार्सल यायचं. चीनचा चांदीचा डॉलर आला, तो लोहचुंबकाला चिकटला. मग जपानचं काहीतरी आलं, त्याचा रंग बोटाला लागला. सगळी एकाच विक्रेत्याची. पार्सल फोडलं की अण्णा त्याला फोन लावत आणि साच्याची वाळू किती ओली हवी, शिवण कशी घासावी, यावर मोडक्या हिंदीत तासभर शिकवणी घेत. चोराची कारागिरी सुधारत होती, फी अण्णाच भरत होते. पोलिसांत जा, असं मी तीनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. एरवी बद्द वाजणारा रुपया त्यांना जिन्याखालून ऐकू येतो.

गेल्या महिन्यात त्या विक्रेत्याचं ऑनलाइन दुकान बंद झालं. मी पेढे घेऊनच अण्णांकडे गेलो. म्हटलं, एक चोर कमी झाला.

अण्णा खाटेवर फोन धरून बसले होते. काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो आणि ठेवतो.

‘सोमवारी त्या नाणंवाल्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हुतं,’ अण्णा म्हणाले. ‘कसं झालं, कळलंच न्हाय.’

मी पेढ्यांचा पुडा खाटेवर ठेवला.

‘तुझ्या फोनवरनं लाव की. माझा नंबर बघून उचलत नसंल.’

लावला. बंद होता. अण्णांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला आणि अजून एकदा लाव म्हणून खुणावलं.