तीन नंबरची खाट

आमच्या घरातल्या बाईचं दुखणं कुठल्याही इस्पितळात कुणी उडवून लावू शकणार नाही, असं मी अगदी छातीठोकपणे सांगत असे. सांगणारच. सार्वजनिक आरोग्याच्या एका संशोधन संस्थेत मी नोकरी करते, आणि बायकांच्या हृदयविकाराकडे डॉक्टरांचं लक्ष उशिरा का जातं, हाच माझा विषय आहे. त्यावर मी अहवाल लिहिला. अहवालावरून धोरण ठरलं. धोरणावरून इस्पितळांसाठी सूचना निघाल्या, त्याही मीच लिहिल्या. शिंप्याच्या घरच्यांनी फाटके कपडे घालून हिंडावं, तसलं काही आमच्या बाबतीत होणं शक्यच नव्हतं.

हे काम सोपं नव्हतं, बरं का. हृदयाच्या औषधांचे जुने प्रयोग चाळले तर त्यांत बायका औषधालाही सापडेनात. का नाहीत, म्हणून आमच्या एका ज्येष्ठ संशोधकांना विचारलं. ते म्हणाले, "बायका घेतल्या की निष्कर्ष गुंतागुंतीचे होतात."

मी म्हटलं, "मग तेच औषध बायकांना देताना गुंतागुंत होत नाही का?"

त्यावर ते चहा प्यायला निघून गेले. अजून आले नाहीत.

तर एका रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे मुलींच्या शाळेतली निवृत्त पी.टी.ची बाई. तिनं 'सावधान' म्हटलं की शेजारच्या घरातली माणसंसुद्धा ताठ उभी राहतात. उभ्या आयुष्यात ती कधी 'दमले' म्हणाली नाही. ती म्हणाली, "अगं, मघापासून जबडा दुखतोय. पाठीत कुणीतरी पीळ घालतंय असं वाटतं. आणि जिना चढले तर श्वास पुरेना."

"मळमळतंय?"

"हो. तुला कसं कळलं?"

मला कसं कळणार नाही? माझ्या अहवालाचं दुसरं प्रकरणच माझ्याशी फोनवर बोलत होतं. मी म्हटलं, "जागची हलू नकोस. काकांना फोन दे."

काका म्हणजे मावशीचे यजमान, आणि सगळ्या बाबतींत तिच्या उलट. शिंक आली तरी मृत्युपत्राची भाषा बोलणारा माणूस. त्यांना वाटलं, मी त्यांचीच तब्येत विचारायला फोन मागितलाय. ते गुडघ्यापासून सुरुवात करणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं आणि मावशीला टॅक्सीत घालून तडक इस्पितळात आणायला सांगितलं.

इस्पितळाच्या दारात आमची गाठ पडली. मावशीला चाकांच्या खुर्चीत बसवायलाच दोन माणसांची ताकद लागली. त्यात लिफ्ट बंद. खुर्ची ढकलायला कुणी नाही. शेवटी काकांनीच तिला उतारावरून वर ढकलत नेलं. मी मागून पिशव्या, चपला आणि धीर घेऊन चालले होते. वर पोचेपर्यंत काकांचा सदरा पिळून वाळत घालण्याइतका भिजला होता.

तातडीच्या विभागात हिरव्या पडद्यांमागे खाटा होत्या आणि पुढे टेबलाशी एक तरुण डॉक्टर बसले होते. अतिशय सभ्य. आवाज मऊ. त्याचाच तर जास्त राग येतो. माणूस खेकसला तर भांडता तरी येतं.

डॉक्टरांनी खुर्चीतल्या मावशीकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "काय होतंय यांना?"

"मला विचारा ना," मावशी म्हणाली. "मीच आलेय माझ्याबरोबर."

मग तिनं जबडा, पाठ, श्वास, मळमळ असं सगळं क्रमानं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा काकांकडे वळून विचारलं, "घरी काही ताण आहे का यांना?"

"मला ताण नसतो," मावशी म्हणाली. "मी देते."

"झोप होते का यांची?" हेही काकांनाच.

काका गांगरून म्हणाले, "मला काय ठाऊक? मी झोपलेलो असतो."

डॉक्टर हसले. "काळजीचं काही नाही. पित्त आहे. या वयात बायकांना असं होतं. पातळ औषध देतो, मन जरा गुंतवून ठेवा म्हणावं."

आता माझी पाळी होती. घसा साफ करून मी म्हटलं, "डॉक्टर, हिचा ईसीजी काढा. तशा सूचना आहेत."

"कुठल्या सूचना?"

"तुमच्या मागे भिंतीवर लागल्यात त्या."

डॉक्टरांनी मागे पाहिलं. भिंतीवर त्यांचा कोट लटकत होता. तो त्यांनी उचलला, तर खाली खरंच माझं भित्तिपत्रक होतं. आणि त्यावर चित्र होतं एका पुरुषाचं. झुपकेदार मिश्या, कपाळावर घाम, छातीवर हात.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी चित्र पाठवलं होतं बाईचं. छपाई विभागानं परस्पर बदललं. बाईनं छातीवर हात ठेवलेला भिंतीवर बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं, हे मला नंतर कळलं.

"यात तर पुरुष आहे, मॅडम," डॉक्टर मऊपणे म्हणाले.

"खाली वाचा. बायकांची लक्षणं खाली दिलीत."

खाली विजेच्या बटणांचा बोर्ड होता. बायकांची लक्षणं त्याच्या मागे गेली होती. पंख्याचं बटण तेवढं दिसत होतं.

तिथे काय लिहिलंय ते वाचावं म्हणून काकांनी चष्मा काढायला सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिसा डाव्या बाजूला. कपाळावर घाम. उतार चढून आल्यामुळे धाप लागलेली. डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काकांना तर मिश्याही होत्या.

"स्ट्रेचर आणा!"

पुढचं इतक्या झपाट्यानं झालं की मी तोंड उघडेपर्यंत काका तीन नंबरच्या खाटेवर आडवे झाले होते. नाकाला नळी, सदऱ्याची बटणं उघडी, दोन्ही बाजूंना माणसं.

"अहो, मला काही होत नाहीये," काका ओरडत होते.

"सगळे असंच म्हणतात, काका."

"मी चष्मा काढत होतो."

"बोलू नका. हृदयावर जोर पडतो."

ज्या माणसानं आयुष्यभर नसलेली दुखणी सांगितली, तो आज पहिल्यांदाच खरं सांगत होता आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं. काकांचा ईसीजी काढला. तो नव्या नोटेसारखा कोरा करकरीत, निर्दोष. पण डॉक्टर म्हणाले, "पहिला नॉर्मल येऊ शकतो. धोका पत्करायचा नाही. थोड्या वेळानं पुन्हा काढू."

"माझ्या बायकोला बघा हो," काका कळवळून म्हणाले.

"बघा किती जीव आहे बायकोवर," नर्स कौतुकानं म्हणाली आणि त्यांना पांघरूण घातलं.

आणि बायको कुठे होती? बाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी, बाकड्यावर. हातात पित्ताच्या औषधाची गुलाबी बाटली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पुन्हा डॉक्टरांकडे धावले. माझं शिक्षण, माझा हुद्दा, माझा अहवाल, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याच घरचा माणूस सिरियस आहे. त्याच्याकडे बघू द्या ना आम्हाला."

मी परत बाकड्याशी आले. मला अहवालातली वाक्यं आठवत होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. 'स्त्रीरुग्णांच्या कथनास अपेक्षित महत्त्व दिले जात नाही' हे वाक्य मी लिहिलं, तेव्हा शब्दरचना जमल्याचा मला आनंद झाला होता. आता ती स्त्रीरुग्ण माझा हात धरून बसली होती आणि तिचा हात गार पडला होता.

मावशी अगदी हळू म्हणाली, "मला जरा आडवं व्हायचंय गं."

ते ऐकून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. या बाईनं तापातसुद्धा उभ्यानं कवायत घेतली होती.

काकांभोवतीची माणसं तोवर पांगली होती आणि बाकडं पडद्याला लागूनच होतं, त्यामुळे मावशीचं ते वाक्य पडद्याआड काकांनीही ऐकलं. त्यांनी नाकातली नळी उपटली, छातीवरच्या तारा सोडवल्या आणि ते अनवाणी, उघड्या अंगानं बाहेर आले.

"चल," ते मावशीला म्हणाले. "इथे झोप."

"ती तुमची खाट आहे."

"माझी नाही. पेशंटची आहे. ऊठ."

आम्ही दोघांनी धरून तिला तीन नंबरवर झोपवलं. काकांनी पडदा ओढला आणि तिचा हात धरून उभे राहिले. लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच तिला हुकूम दिला असावा. तिनं तो मानला, म्हणून मी जास्तच घाबरले.

एवढ्यात ईसीजी काढणारी बाई यंत्र ढकलत आली. "तीन नंबर, पुन्हा काढायचाय." तिनं मावशीकडे पाहिलं, उघड्या काकांकडे पाहिलं. "मघाशी दुसरं कुणीतरी होतं."

"होतं," मी म्हटलं.

तिनं क्षणभर विचार केला. "मला तीन नंबरच्या खाटेचा काढायला सांगितलंय. खाटेवर कोण, ते काही कुणी बोललं नाही." आणि काकांना बाहेर घालवून तिनं तारा लावल्या. कागद यंत्रातून बाहेर येऊ लागला तसा तिचा चेहरा बदलला. तो फाडून घेऊन ती पळतच गेली.

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. मऊपणा साफ गेलेला. "मी म्हटलं नव्हतं? काकांना मोठा अटॅक आहे. वर कळवा, धमनी लगेच उघडावी लागेल."

पडदा सर्रकन बाजूला झाला. डॉक्टर मावशीकडे बघतच राहिले. "काका कुठे गेले?"

"मी इकडे आहे," त्यांच्या पाठीमागून काका म्हणाले. "ठणठणीत. तुमच्या हातातला कागद हिचा आहे."

डॉक्टरांनी कागद पाहिला, मावशी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मावशीच्या चेहऱ्यासारखाच झाला. पण खरं ते सांगते, त्यानंतर त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. खाट स्वतः ढकलत घेऊन निघाले. जाता जाता मावशी म्हणाली, "आता तरी मला विचारा."

ते चालता चालता वाकले. "मावशी, काय होतंय तुम्हाला?"

"जबडा दुखतोय," मावशी म्हणाली. "सकाळपासून सांगतेय."

मावशी वाचली. धमनी उघडली, चार दिवसांत ती वॉर्डातल्या बायकांना श्वासाचे व्यायाम शिकवायला लागली. तरुण डॉक्टर रोज येऊन तिच्याशी बोलत, आणि तिच्याशीच बोलत.

माझा राग मात्र शमला नव्हता. पुढच्याच आठवड्यात इस्पितळाच्या आढावा समितीची बैठक होती. सूचना माझ्या, म्हणून मलाही बोलावणं होतं. टेबलाभोवती मी सोडून सगळे पुरुष. मी घडलेलं सगळं सांगितलं. बोर्डामागे गेलेली लक्षणं, बदललेलं चित्र, काकांना नळी आणि मावशीला बाटली. सगळे गंभीरपणे ऐकत होते. कुणी फोन पाहिला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा फार भयंकर प्रकार आहे."

मला हायसं वाटलं. निदान पोचलं तरी.

"रुग्ण परस्पर खाटा बदलतात म्हणजे काय?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या एकाचं ऑपरेशन दुसऱ्यावर होईल."

मग त्यावर चर्चा जी रंगली, ती चहा दोनदा येऊन गेला तरी संपेना. मी मध्ये चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. चारही वेळा मला 'एक मिनिट, मॅडम' मिळालं. अखेर सर्वानुमते ठरलं की सर्व वॉर्डांत सूचना लावायची. आणि माझी भाषा चांगली आहे म्हणून ती मीच लिहायची.

नाही म्हणून तरतरा उठून जावं, असं फार मनात आलं. पण मी गेले तर आणखी काय लिहितील कोण जाणे, म्हणून लिहिली. दोनच वाक्यं. पहिलं, 'रुग्णांनी परस्पर खाट बदलू नये.' दुसरं, 'तशी वेळ येऊ नये म्हणून बाई काय सांगते ते आधी ऐकावे.'

सूचना आता प्रत्येक वॉर्डात लागली आहे, काचेच्या चौकटीत. दुसरं वाक्य जागेअभावी गाळलंय. माझं नाव मात्र खाली चांगलं ठळक छापलंय.