डाव्या हातावरचं दही

आमच्या प्रयोगशाळेतले स्फटिक पाहुण्यांना रीतसर निरोप दिला नाही तर कोसळतात, म्हणून व्हॅक्यूम पंपाशेजारी आम्ही दह्याची वाटी ठेवतो.

पाहुणे म्हणजे पाणी. जस्ताचे कण आणि सेंद्रिय रेणू एकमेकांना जोडत गेलं की स्फटिकाचा सांगाडा उभा राहतो, आणि त्यातल्या खोल्यांत पाणी आधीच येऊन बसलेलं असतं. ते निघालं तरच खोल्या कामाला येतात. निवेदिता खांबेटेच्या स्फटिकाच्या खोल्या डाव्या वळणाच्या होत्या. एकाच औषधाचे डावे आणि उजवे रेणू असतात, दिसायला जुळे. त्यातले फक्त डावे तिथे मावणार होते. तिची पीएचडी त्यावरच होती. पण पाणी ओढून काढायला पंप लावला की स्फटिकाचा भुगा व्हायचा. आता शेवटचा एकच उरला होता, आणि नवा घडवायला तिच्याकडे मुदत नव्हती.

दही तिचे मार्गदर्शक देवस्थळी सर स्वतः देत. पाण्याचे रेणू रांगेने निघत आणि सर प्रत्येकाच्या उजव्या हातावर थेंबभर ठेवत. दही आंबट नव्हतं, हे मी चाखून सांगतो.

शेवटी निवेदिताने स्फटिकालाच विचारलं. तो मायक्रोस्कोपखाली बसून शांतपणे बोलला. आपली तक्रार दह्याबद्दल नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं.

"पाणी आलं तेव्हा कुठल्याच हाताचं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्याकडे राहून डावखुरं झालं. तुम्ही त्याला उजवा हात पुढे करायला लावता. ते रागावून निघतं, आणि पाहुणा रागावून गेला की मला उभं राहवत नाही."

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आम्हाला पटलं, सरांना पटेना. डाव्या हातावर दही त्यांच्या घराण्यात कुणी दिलं नव्हतं. निवेदिताही डावखुरी. पहिल्याच दिवशी पेढा डाव्या हातात घेतला म्हणून सरांनी तिला सगळ्यांदेखत हात बदलायला लावला होता. ते तिला अजून लागलेलं होतं. सरांनी भुग्याच्या बाटल्या एकेक करून मोजल्या. मग त्यांनी वाटी उचलली.

"डावा हात पुढे करा," ते पाण्याला म्हणाले.

पाणी सावकाश, समाधानाने निघालं. स्फटिक जागचा हलला नाही. खोल्या छान हवेशीर झाल्याचं त्याने कळवलं. पुढे औषध ओतलं तेव्हा डावे रेणू चपला काढून आत गेले, उजवे बाहेर थांबले. कुणी भांडलं नाही. आम्हाला सगळ्यांनाच फार बरं वाटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी निवेदिता निघताना सरांपाशी आली आणि सवयीने तिने उजवा हात पुढे केला. सर वाटी धरून तसेच थांबले.

"दुसरा," ते म्हणाले.

दही गार होतं. ते खाऊन ती परीक्षेला गेली.