उंबराखालच्या तांब्याची आणि खेत्रोजी जासुदाच्या शेवटल्या दौडीची हकीकत

श्री. वाट दाखविणारे दैवतास आणि वाटेवर तांब्या घेऊन उभे राहणारांस दंडवत घालून लिहिले ऐसे जे, शके सत्राशें पस्तीस, श्रीमुख नाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी राज्यात सालाबादची दौड जाहली, तिची हकीकत येणेंप्रमाणे.

राज्य डोंगराळ, घोडा चढेना, सबब सारी खबर जासुदांचे पायांवर चाले. जासुदाचे हाती घुंगरांची काठी असे, ती वाजली म्हणजे वाटसरू बाजूस होत आणि श्वापद दूर राही. सालातून एक वेळ सर्व जासुदांनी नदीकाठच्या ठाण्यापासून गडाच्या दरवाजापर्यंत धावावे, दोन प्रहरांची तोफ होण्याआधी जो दरवाजात शिरेल त्याची जासुदी कायम, आणि जो मागे राहील त्याने काठी हवालदारापुढे ठेवून घरी बसावे, ऐसा शिरस्ता होता. खेत्रोजी नामे जासूद मिसरूड फुटल्यापासून धावत होते आणि मिशा पांढऱ्या जाहल्या तरी काठी हातची गेली नव्हती. परंतु त्या साली श्रावणात त्यांची बायको म्हाळसा तापाने वारली, आणि तेव्हांपासून खेत्रोजींचे मनात धास्तीने ठाणे दिले.

घाट जेथे सुरू होतो तेथे एक उंबर आहे. जासुदांच्या बायका दौडीचे दिवशी तेथे आंबील घेऊन उभ्या राहत. म्हाळसा वळणापलीकडूनच खेत्रोजींचे घुंगरू ओळखी, आणि घुंगरू घाईने वाजू लागले की भर वाटेत ओरडे, "अहो, हळू! गड काय पळून चाललाय?" मग खेत्रोजी चारचौघांत लाजत, आंबील पीत, हळू होत, आणि त्यामुळेच घाट चढून जात. ते मात्र आपल्या पायांचे बळ समजत. आता काठी गेली म्हणजे घुंगरू गेले, आणि ज्या आवाजावरून म्हाळसा आपणांस ओळखी तो आवाजही घरातून गेला, हे भय त्यांस अन्न गोड लागू देईना.

दौडीचे सकाळी उजवा गुडघा आधीच फितूर होता. खेत्रोजींनी गुडघ्यास तेल लाविले, पुसले, पुन्हा लाविले, आणि पाणी प्यावे तर पोटात डचमळेल, न प्यावे तर घसा सुकेल, ऐसा विचार करीत लोटा हाती धरून उभे राहिले. शेजारी निंबाजी जासूद होता. दोघे एकाच साली चाकरीस लागले होते. खेत्रोजींनी पुसले, "निंबा, गुडघा सुजलेला दिसतो काय रे?"

"दादा, दरसाल हेच पुसतोस. गुडघा बरा आहे, तोंड तेवढे सुजलंय. रात्री झोपलास का?"

"झोपलो की."

"दिसतंच आहे. अरे, ते पाणी पी नाही तर सांड, लोट्याला घाम फुटला!"

इतक्यात शिंग वाजले आणि खेत्रोजी सुटले ते पोरसवदा जासुदांच्याही पुढे गेले. मागून कोणी हसला, "म्हाताऱ्याचे घराला आग लागली वाटतं!" परंतु खेत्रोजींस आपला दम ऐकू येईना, घुंगरू ऐकू येईनात, तोफ मात्र कानात आधीच वाजू लागली. उंबर जवळ आला तेव्हां तिकडे पाहवेना. बायकांच्या रांगेत एक जागा रिकामी दिसेल, मग पाय उचलणार नाहीत, हे जाणून त्यांनी मान दरीकडे वळविली आणि तसेच निघाले. निंबाजीची बायको गंगू "भावजी! अहो भावजी!" ऐसे ओरडत राहिली, ते कानी पडले आणि न पडलेसे केले.

मग घाटाच्या मध्यावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि खेत्रोजी खडकावर बसले.  पोरे एकेक करून पुढे गेली. सर्वांमागून निंबाजी आला, नेहमीप्रमाणे बैलासारखा सावकाश, आणि त्याने बसून खेत्रोजींच्या पोटऱ्या चोळल्या.

"आंबील घेतलीस?"

"नाही."

"का रे? गंगूने म्हाळसावहिनींचा तांब्या घेऊन ठेवलाय. वहिनी मरणाआधी तिला सांगून गेल्या, यंदा हे उधळतील, माझ्या जागी तू उभी राहा. निरोपही दिलाय म्हणे. तुलाच सांगायचा, मला सांगितला नाही."

 खेत्रोजी काठी टेकून उठले आणि तोंड उताराकडे केले.

"दादा, वेडा जाहलास? सूर्य बघ कुठे आला! मी धरतो तुला, चल वर. ती आंबील संध्याकाळीही पिशील."

"संध्याकाळी तहान नसेल," खेत्रोजी बोलिले आणि उतरू लागले. जासूद उलटा फिरला ऐसे त्या घाटाने कधी पाहिले नव्हते. निंबाजी शिव्या देत वर गेला, आणि डोळे पुसत गेला.

उंबराखाली गंगूने काही न पुसता तांब्या पुढे केला. म्हाळसेचाच पितळी तांब्या, काठाला पोचा आलेला. आंबिलीत मीठ जास्त होते, म्हाळसा घाली तेवढेच. खेत्रोजी पिऊन जाहल्यावर गंगू बोलली, "वहिनी म्हणाल्या, ऐकायचे नाहीत, तरी सांग. हळू जा म्हणावं."

"इतकेच?"

"इतकंच, भावजी."

मग खेत्रोजी हळू गेले. घुंगरू एका लयीने वाजू लागले, पोटऱ्या बोलेनात, गुडघाही गप्प राहिला. शेवटले वळण फिरून दरवाजा दिसला आणि तोफ जाहली. दरवाजा लोटला गेला. हवालदार पुढे आले आणि बोलिले, "खेत्रोजी, उलटे फिरलात ऐसे ऐकतो. इतकी वर्षे धावून वाट चुकलात काय?"

"नाही साहेब. एक निरोप वाटेत राहिला होता. जासुदाने निरोप टाकून यावे कसे?"

 परंतु शिरस्ता तो शिरस्ता. काठी त्यांचे पायांशी ठेविली गेली, आणि खेत्रोजी रिकाम्या हाती घरी गेले.

पुढील साली दौडीचे दिवशी उंबराखाली बायकांचे रांगेत एक पुरुष पितळी तांब्या घेऊन उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गंगू बोलली, "भावजी, मीठ घातलंत का?" त्यांनी चाखून आणखी घातले. मग वळणापलीकडे घुंगरू वाजू लागले आणि खेत्रोजींचे तोंडचे पाणी पळाले. कोण येते, कोण पडला, निंबाजी का येत नाही, काही दिसेना, नुसते ऐकावे आणि उभे राहावे. धावताना धास्ती पायांत जिरते, येथे ती जिरावयास जागाच नव्हती. म्हाळसा दरसाल हेच सोशीत उभी होती, हे त्यांस त्या क्षणी समजले. इतक्यात निंबाजीचे घुंगरू ओळखू आले, यंदा घाईने वाजणारे, तेव्हां खेत्रोजी वाटेत येऊन मोठ्याने ओरडले, "अरे निंबा, हळू! गड काय पळून चाललाय?"

वळणापलीकडले घुंगरू हळू जाहले.

ऐसी हकीकत जाहली. काठी सरकारात जमा आहे. तांब्या दरसाल उंबराखाली असतो. जैसे कळले तैसे लिहिले, अधिकउणे पदरचे घातले नाही.