चंद्रकलाकाकीचं गणित

"पाच, तीन आन एक. झालं नऊ. भागिले तीन. माणशी तीन भाकरी!" जयवंतानं पेन्सिल कानावर अडकवली. "दोनशे माणूस हाय. सहाशे भाकऱ्या बास. वर एक बी नगं."

चंद्रकलाकाकीच्या प्रभावतीचं लग्न उद्यावर आलं होतं. पिरंगुटाजवळच्या त्या वस्तीत लग्नाच्या भाकऱ्या आचाऱ्यानं करायची रीत नव्हती. घरोघरच्या बाया पहाटे उठून थापायच्या आणि पाट्या भरून मांडवात आणून द्यायच्या. किती करायच्या, ते कुणी ठरवत नसे. पीठ संपलं की तवा उतरायचा. पण यंदा काकीचा पुतण्या जयवंत हाताशी होता ना! बँकेच्या परीक्षेत दोनदा आपटून गडी तिसऱ्यांदा बसणार होता, आणि उन्हाळाभर सरासरीची उदाहरणं घोटून घोटून त्याला आता जिकडंतिकडं सरासरीच दिसत होती.

"गडी पाच खातो, बाई तीन, पोर एक. तिन्हीची सरासरी काढली, काकी."

"आरं, उरल्या तर उरू देत की!"

"नासाडी हाय ती! आता ऐंशी साल उलाटलं. जरा डोक्यानं चालायचं."

आणि पठ्ठ्या खरोखरच दारोदार फिरून प्रत्येकीला आकडा सांगून आला. एवढ्या उत्साहाला कारण होतं. नवऱ्या मुलाचे मामा, आनंदामामा, पुण्यात बँकेत हेडक्लार्क होते. त्यांची मुलगी जयवंताला द्यायची बोलणी चालली होती. 'पोरगा डोक्यानं तल्लख असेल तर बघू,' असा त्यांचा निरोप होता. तेव्हा भर मांडवात डोकं चालवून दाखवायची याहून चांगली संधी कुठली?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचे ट्रक आले. नवरा मुलगा उरवड्याच्या कारखान्यातला, त्यामुळं ट्रकांतून उतरले ते त्याचे सोबती. सगळे बाप्येच, रात्रपाळी करून थेट आलेले आणि सपाटून भुकेजलेले. बाया मोजक्या, पोरं तर औषधालासुद्धा नाहीत. माणसं बरोब्बर दोनशेच होती हो, पण जवळजवळ सगळी पाच-पाच भाकऱ्या खाणारी. पहिली पंगत उठायच्या आत पाट्यांचे तळ दिसू लागले.

"भाकरी आणा! भाकरी!"

"भात वाढू का, पाव्हणं?"

"भात मागनं. आदी भाकरी!"

पत्रावळीवर रस्सा घेऊन माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. जयवंत रिकामी पाटी घेऊन वस्तीत पळाला. गोजराबाई दारातच उभी होती.

"काल म्या इचारलं, आनखी पीठ दळू का? तर म्हनलास, वर एक बी नगं. आता किती देऊ? सरासरी सांग की!"

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. मिळालं तेवढं पीठ घेऊन तो परतला, तर मांडवामागं काकी चूल पेटवून बसलेली, आणि तिच्या शेजारी लग्नाची पांढरी साडी गुडघ्याशी खोचून खुद्द नवरी मुलगी भाकरी थापत होती.

"दादा, लाकूड सार फुडं," प्रभावती एवढंच म्हणाली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

तेवढ्यात आनंदामामा मागं आले. त्यांच्यामागून निम्मं वऱ्हाड.

"हा हिशेब कुणी केला?"

जयवंत तोंड उघडतोय न उघडतोय तोच काकी म्हणाली, "म्या केला. अडाणी बाई मी. पाच, तीन आन एक नऊ, भागिले तीन. तसा केला."

आनंदामामा खुलले. "वा! आमच्या परीक्षेत हमखास हाच फास टाकतात. काय जयवंतराव, सांगा तुमच्या काकींना, चुकलं कुठं?"

आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की जयवंतानं ते फार सुरेख सांगितलं. "नुसत्या सरासऱ्यांची सरासरी काढून चालत न्हाई. गडी किती, त्याला पाचानं गुणायचं. बाया किती, त्याला तिनानं. पोरं धरायची. मंग समद्याची बेरीज, आन ती एकूण माणसांनी भागायची. हितं गडीच जास्त, मंग सरासरी गड्यांकडं झुकनार." दोनदा नापास होऊन जे कळलं नव्हतं, ते त्याला आत्ता चुलीपुढं कळत होतं.

"आसं व्हय!" काकीनं मान डोलावली. "मला काय ठावं?"

"मग आधी पुतण्याला इचारायचं की, विहीणबाई!" कुणीतरी ओरडलं आणि वऱ्हाड खो खो हसलं. काकीही हसली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसत हसली. ते मात्र जयवंताला बघवेना.

"मामा, हिशेब माजा हुता. काकीचा न्हाई. म्याच दारोदार सांगितला."

आनंदामामांचे डोळे भरून आले.

"बघा! चुलतीची लाज राखायला पोरानं चूक अंगावर घेतली. असं डोकं आणि असं मन कुठं मिळायचं? आमची मुलगी दिली!"

"न्हाई मामा, खरंच माजा..."

"पुरे, पुरे! कळला मोठेपणा!"

टाळ्या पडल्या. वऱ्हाड पुन्हा पंगतीला वळलं. जयवंत काकीपुढं उकिडवा बसला.

"काकी, तू तरी सांग की त्यास्नी."

काकीनं तव्यावरची भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. "गप खा. म्या अडाणी ऱ्हायले तर माजं काय बी बिघडत न्हाई. तू ऱ्हायलास तर सोयरीक मोडंल."

जयवंतानं ती भाकरी तशीच पाटीत टाकली आणि पाटी उचलून तो पंगतीत वाढायला गेला.